सोलापूरहून रत्नागिरीला शिकायला जायचं, तर तिथलं आयुष्य कसं असतं?

प्रश्न विचारणाऱ्या ताईंनी लिहिलंय की धाकट्या भावाला रत्नागिरीत प्रवेश मिळतोय, घर जुळे सोलापुरात आहे, घरातल्यांनी समुद्र पाहिलाय तो फक्त मुंबईला लग्नाला गेल्यावर, आणि आई रोज एकच विचारते: "पोराचं निभंल का तिथं?" शिवाय गाव कसं आहे, तिथं जुनं काय आहे, हेही त्यांना हवंय.

मी २०११ ते २०१५ अशी चार वर्षं तिथं काढली. शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात बी.एफ.एससी. केलं, म्हणजे मासे शिकलो. सोलापूरचं पोरगं मासे शिकायला चाललं म्हटल्यावर आमच्या गल्लीत जे व्हायचं ते झालं. शेजारचे अण्णा जन्मभर लूमवर काम केलेले. ते म्हणाले, "का बे, हितं नळाला चार दिसाआड पाणी, अन् तू मासे शिकूलालास?" आई काही बोलली नाही. तिनं फक्त सामान बांधलं. त्या सामानापासूनच सुरुवात करतो, कारण आईच्या प्रश्नाचं खरं उत्तर त्यात आहे.

सामानात होतं काय? दोन सोलापुरी चादरी (चांगल्या जाड, जकार्डच्या), पत्र्याच्या डब्यात कडक भाकरी, मालदांडी ज्वारीचं पाच किलो पीठ आणि शेंगाचटणी. कॉलेज सुरू झालं ऐन पावसाळ्यात. चौथ्या दिवशी कडक भाकरी सादळली. आपल्याकडं महिनाभर कुरकुरीत राहणारी भाकरी तिथं हातात घेतली की वाकायची. पंधरा दिवसांत पिठाला जाळी धरली. आणि चादर! ती मी पहिल्या रविवारी मोठ्या हौसेनं धुतली. सोलापुरात गच्चीवर टाकली की दोन तासांत पापडासारखी होते. तिथं ती आठवडाभर दोरीवर लोंबत होती, मग कुबट वास मारायला लागली, मग मी ती परत धुतली, आणि पुन्हा तेच. शेवटी रूमवरच्या देवरुखच्या पोराला दया आली. तो म्हणाला, "मेल्या, ही चादर आता गणपतीनंतरच वाळेल." तसंच झालं.

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आपल्याकडं त्याच्या पाव भागाइतका पडला तरी वर्ष बरं म्हणायचं. हा आकडा मी जाण्याआधीही वाचला होता, पण चादर धुवेपर्यंत तो मला कळला नव्हता. जून ते सप्टेंबर भिंतींना पाझर, पुस्तकांना बुरशी, चामड्याच्या पट्ट्यावर पांढरी पूड. माझ्या एका घरमालकानं जाताना अनामत परत दिली नाही, कारण काय तर 'भिंत तुमच्यामुळे ओली झाली'. ही भिंत माझ्या आजोबांच्या आधीपासून ओली असणार! असो.

तर निभेल का? निभेल. पण पहिले तीन महिने कोरड्या हवेच्या माणसाला जड जातात, हे आईला आधीच सांगून ठेवा. अंगाला घामोळं येतं, खरूज नव्हे, घाबरू नका. आपल्याकडचं ४४ अंशांचं ऊन बरं, असं वाटायला लागतं. कूलर नेऊ नका, दमट हवेत त्याचा काही उपयोग नाही.

जायचं कसं, तर रस्ता आता सोपा आहे. रत्नागिरी–नागपूर महामार्ग आपल्या सोलापुरातूनच जातो: मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, मग मलकापूर, आंबा घाट, साखरपा, पाली, हातखंबा. मी तेव्हा कोल्हापूरला गाडी बदलायचो. आंबा घाटापर्यंत खिडकीतून जे दिसतं ते ओळखीचं असतं, ऊस नाहीतर माळ. घाट उतरताना कान बंद होतात, काळी माती संपते, तांबडी सुरू होते, घरांच्या भिंती जांभ्याच्या चिऱ्यांच्या होतात आणि हवा अंगाला चिकटायला लागते. सगळं अर्ध्या तासात. पुढं चार वर्षं दर वेळी त्या घाटात मला वाटायचं की दार उघडून कुणाच्या तरी न्हाणीघरात शिरतोय.

आता जुन्याचं विचारलंय तर जरा सविस्तर लिहितो. रत्नागिरी म्हटलं की टिळकांचं जन्मस्थान (१८५६) सगळे दाखवतात, तेही बघावंच. पण मला त्या गावाचा इतिहास वेगळ्या बाजूनं कळला. घाटापलीकडं, पावसाळ्यात समुद्र बंद आणि रेल्वे नाही, असं हे गाव इंग्रज सरकारला एका कामासाठी फार सोयीचं वाटायचं: नको असलेली माणसं आणून ठेवायला.

त्यातला पहिला माणूस म्हणजे थिबा राजा. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं, त्याला आणि राणीला उचललं, आधी मद्रासला नेलं आणि १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं. तो तिथं तीस वर्षं राहिला. वाट बघत, जवळचे दागिने हळूहळू विकत. त्याच्यासाठी बांधलेला तो मोठा राजवाडा पुरा व्हायला १९१० उजाडलं, आणि १९१६ मध्ये तो वारलाच. म्हणजे ज्या 'थिबा पॅलेस'समोर पर्यटक फोटो काढतात, त्यात राजा जेमतेम सहा वर्षं राहिला. आता तिथं संग्रहालय आहे. लाकडी कोरीव काम आणि अर्धगोल खिडक्या बघण्यासारख्या आहेत. राणी पुढं १९१९ मध्ये ब्रह्मदेशात परत गेली. पण थोरली राजकन्या शेवटी रत्नागिरीतच राहिली, तिचा वंश तिथल्याच लोकांत मिसळला. मंडालेच्या राजाची नात आणि पतवंडं कोकणी मराठी बोलत त्या गावात वाढली. राजाची समाधी शिवाजीनगर भागात आहे, तिथं मात्र फारसं कुणी जात नाही.

थिबा पॉइंटवरून खाली भाट्याची खाडी दिसते. काजळी नदी तिथं समुद्राला मिळते. मी संध्याकाळी तिथं बऱ्याचदा बसायचो. घरची आठवण आली की हटकून. पहिल्या वर्षी मला त्या राजाबद्दल उगाच आपुलकी वाटायची, तोही कोरड्या मंडालेहून इथं येऊन पडलेला. नंतर लाज वाटली. मला शनिवारी रात्री गाडीत बसून रविवारी सकाळी सोलापुरात सात रस्ता चौकात उतरता येत होतं.

दुसरे सावरकर. १९२४ मध्ये त्यांना सोडलं ते रत्नागिरी जिल्ह्याबाहेर जायचं नाही आणि राजकारण करायचं नाही, या अटींवर. १९३७ पर्यंत ते तिथं होते. त्याच काळात गावात अस्पृश्यतेविरुद्ध सहभोजनं झाली आणि भागोजीशेठ कीरांच्या पैशानं सर्व जातींना खुलं असलेलं पतितपावन मंदिर उभं राहिलं, फेब्रुवारी १९३१ मध्ये. सावरकरांबद्दल कुणाचं काय मत असेल ते असो, तिथं मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझं लक्ष त्या सालावरच अडकलं. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात आपले चार हुतात्मे फासावर गेले होते: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात उठाव होऊन लष्करी कायदा लागला, त्या प्रकरणातली ती शिक्षा. म्हणजे आपल्याकडं सुतक ताजं असताना तिकडं महिन्याभरानं मंदिराचं उद्घाटन चाललं होतं. चार हुतात्म्यांच्या चौकातून रोज सायकल हाणत शाळेला गेलेल्या पोराला हे वर्ष दुसऱ्या गावात असं अचानक भेटतं. सोबतचा मित्र विचारत होता, "काय झालं रे?" मी सांगितलं. त्याला चौघांपैकी एकाचंही नाव माहीत नव्हतं. मला तरी थिबा कुठं माहीत होता?

किल्ल्याचं थोडक्यात. रत्नदुर्ग, आत भगवती मंदिर, तिन्ही बाजूंनी समुद्र, टोकाला दीपगृह. गंमत अशी की आपला भुईकोट आणि हा जलदुर्गासारखा दिसणारा गड, दोन्ही एकेकाळी विजापूरच्या आदिलशाहीत होते. विजापूरचा माल दाभोळच्या बंदरात उतरायचा आणि घाट चढून वर यायचा. जवळच पेठकिल्ल्यात सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचं मत्स्यालय आहे, तिथला देवमाशाचा सांगाडा भावाला पहिल्याच आठवड्यात दाखवा. घरच्यांना पाठवायला तेवढा एक फोटो पुरतो.

शिकण्याच्या सोयी बऱ्या आहेत. गोगटे-जोगळेकर महाविद्यालय १९४५ पासूनचं. आमचं मत्स्य महाविद्यालय १९८१ चं, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाखालचं. शिवाय अभियांत्रिकी, तंत्रनिकेतन, विधी, सगळं आहे. म्हणजे गाव आकारानं सोलापूरच्या पासंगाला नाही, पण मारुती मंदिरापासून खाली बाजारापर्यंत दप्तरंच दप्तरं दिसतात. आपल्याकडं विद्यापीठ आलं २००४ मध्ये, तोवर आपली कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाखाली होती, त्यामुळं घाटाच्या दिशेनं शिकायला जायची सवय आपल्याला जुनीच आहे.

आता समुद्र. सगळ्यांना वाटतं समुद्रकाठी राहायचं म्हणजे संध्याकाळी वाळूवर बसायचं. तेही होतं. मांडवीला काळी वाळू, पलीकडं पांढरा समुद्र, नावंच 'काळा समुद्र' आणि 'पांढरा समुद्र'. पण दोन महिन्यांनी समुद्राकडं बघायचं कुणी राहत नाही, जसं आपण सिद्धेश्वर तलावाकडं जाता-येता बघत नाही. खरा फरक पडतो तो वेळेत. सोलापूरच्या जुन्या मिलच्या भोंग्यावर आमच्या आजोबांचा दिवस चालायचा. मिरकरवाडा बंदरात दिवस चालतो भरती-सुकतीवर (सुकती म्हणजे ओहोटी), आणि ती घड्याळ पाळत नाही. रोज पाऊण तासानं पुढं सरकते. आमचं प्रात्यक्षिक कधी पहाटे चारला, कधी सकाळी सातला. आधी मला वाटायचं सर लहरी आहेत.

मग एका म्हाताऱ्या तांडेलानं, म्हणजे बोटीच्या म्होरक्यानं, हिशेब शिकवला: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असली तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमी असली तर सहाच्या सुमाराला. नंतर साधारण सहा तासांनी सुकती. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी मवाळ. पंचांग म्हणजे लग्नाचे मुहूर्त काढायची वही, असा माझा समज होता. तिथं ते कामाचं कोष्टक होतं. हिशेब अदमासाचाच असतो, दहा-वीस मिनिटं किंवा कधी जास्तही इकडं-तिकडं होतात, पण सुकतीला कालवं काढायला खाडीत उतरणाऱ्या बायांचं त्यावर अडत नाही.

पोहण्याचं मात्र ऐका, हे भावाला वाचून दाखवा. आपण सगळे विहिरीत पोहायला शिकलेले. पाठीला डबा बांधून, काकानं ढकलून. मलाही वाटायचं आपल्याला येतं पोहायला. पहिल्या ऑक्टोबरात, पाऊस थांबल्यावर, आम्ही तिघं घाटावरचे एका किनाऱ्यावर उतरलो. पाणी ओसरायची वेळ होती, हे आम्हाला कळलंच नाही. कमरेइतक्या पाण्यात होतो, दोन लाटांत गळ्याइतकं झालं, आणि पायाखालची वाळू आतल्या बाजूला सरकायला लागली. मी काठाकडं हात मारत होतो आणि काठ लांब चालला होता. जाळं शिवत बसलेल्या एका माणसानं आरडाओरडा केला, आडवे जा, आडवे जा. काठाला समांतर पोहत गेल्यावर पाय टेकले. त्यानं नंतर आम्हाला ज्या शिव्या घातल्या, त्या इथं लिहिता येत नाहीत. तेव्हा नियम साधा: स्थानिक माणूस जिथं उतरत नाही तिथं उतरायचं नाही, आणि ओसरत्या पाण्यात मुळीच नाही.

आणि बोट लागते. एसटी लागते तशीच, पण उतरायला थांबा नसतो. पहिल्या फेरीत मी सगळा वेळ काठाला धरून वाकलेलो होतो, खलाशी हसत होते. त्यातले बरेच नेपाळचे, त्यांनीही समुद्र मोठेपणीच पाहिलेला. त्यांतल्या एकानं मला आल्याचा तुकडा चघळायला दिला. पाचव्या-सहाव्या फेरीपासून काही झालं नाही.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा काळ आणि समुद्र खवळलेला, दोन्ही. बोटी वर ओढून झावळ्यांनी झाकतात, बंदर गप्प होतं, खानावळीत ताटात सुकट आणि कुळथाचं पिठलं येतं. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ सोडून हंगामाला तोंड लागतं. त्या दिवशी मिरकरवाड्यात जा, आपल्या गड्डा यात्रेतल्या नंदीध्वजांच्या मिरवणुकीला जो उत्साह असतो तसाच. सिद्धरामेश्वरांच्या अक्षता सोहळ्याला जानेवारीत नेमकी आमची सत्र परीक्षा यायची. चार वर्षांत एकदाच यायला जमलं. त्याची भरपाई शिमग्यात व्हायची. पालखी खांद्यावर घेऊन नाचवतात. पाहुण्या पोरांनाही खांदा द्यायला लावतात, नको म्हणायची सोय नाही.

गणपतीत सावध राहा. त्या दिवसांत खानावळ बंद, दुकानं अर्धी बंद, सगळे आपापल्या वाडीत. पहिल्या वर्षी मी रूमवर मॅगी खात बसलो होतो. दुसऱ्या दिवशी देवरुखच्या पोराचे वडील स्वतः दुचाकीवर न्यायला आले. पाच दिवस उकडीचे मोदक, रात्री जाखडीचा नाच, आणि आरत्या इतक्या लांब की माझं पोट आधी बोलायचं. तेव्हापासून दर वर्षी मी तिथंच. भावाला सांगा, एक तरी मित्र खेड्यातला कर.

जेवणाचं थोडक्यात: भाकरी मिळते पण तांदळाची. ज्वारीची सवय असेल तर पहिला महिना पोट भरल्यासारखं वाटत नाही. मासे खात असाल तर बांगडा, सौंदाळे, तिसऱ्या यांच्यावर चार वर्षं काढता येतात. नसाल खात, तरी फणसाची भाजी, घावन, सोलकढी आहेच. तिखटाच्या बाबतीत मात्र तुमची निराशा होणार.

बोलण्याची गंमत वेगळीच. मी पहिल्या दिवशी वर्गात कुणाला तरी "काय बे" म्हटलं, तर तो रागावला. त्याला ती शिवी वाटली. आपल्याकडं घरात कन्नड, गल्लीत तेलुगू, बाजारात दखनी, त्यातून तयार झालेली आपली मराठी. 'येऊलालो, जाऊलालो' ऐकून वर्ग हसायचा. दुसऱ्या वर्षी तेच लोक 'का बे, जेवूलालास का' म्हणायला लागले. मीही 'मेल्या' घेऊन आलो, आईला ते अजून आवडत नाही.

मी आता सोलापुरातच आहे. शेततळ्यात मासे करणाऱ्या लोकांसोबत काम करतो, उजनीच्या बाजूला जाणं-येणं असतं. शेजारच्या अण्णांना मधे ताजा कटला नेऊन दिला, ते काही बोलले नाहीत, पण ताट रिकामं परत आलं. संध्याकाळी मित्र म्हणतात, चल चौपाटीवर जाऊ. म्हणजे पार्क चौपाटी, जिथं पाणी फक्त पाणीपुरीत असतं. अजूनही कॅलेंडरवर तिथी दिसली की डोक्यात पाऊणपट होतेच. काही कारण नाही.

सामानाची यादी विचारली नाहीत, तरी सांगतो. जाड चादर नको, पातळ दोन द्या. पीठ नको, कडक भाकरी दिवाळीनंतर पाठवा, तेव्हा हवा कोरडी होते. मोठी छत्री, प्लास्टिकच्या चपला, पुस्तकांसाठी झाकणाचा डबा. शेंगाचटणी मात्र किलोभर जास्तच द्या, पहिल्या आठवड्यात अर्धी रूमवरची पोरं संपवतात.